प्लॉट चौदाची हजेरी

मी जे सांगणार आहे, ते माझ्याच घरात घडलं. अजूनही घडतंय. कुणाला पटलं नाही तर माझं काही म्हणणं नाही, पण यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

ऑगस्टमधला गुरुवार होता. सकाळचे नऊ वाजले होते.

हो, सकाळचे. भुतं रात्रीच येतात असं मीही समजत होते.

आमची वस्ती बाईया मान्सा. पेरूत, लिमाच्या दक्षिणेला. एका बाजूला समुद्र, बाकी तिन्हीकडे वाळू. पाऊस म्हणाल तर नाहीच, पण हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जून ते सप्टेंबर, धुकं असं उतरतं की समोरच्या घराचं दार दिसत नाही. निम्मी घरं बंद असतात. शांतता हवी म्हणूनच आम्ही इथे आलो होतो. मिळाली शांतता!

जुलैत मी आणि माझ्या नवऱ्यानं, एफ्राइननं, हे घर घेतलं. आठ वर्षं शिंपल्यांच्या कारखान्यात गार पाण्यात हात घालून जमवलेलं सगळं त्यात गेलं. प्लायवूडच्या दोन खोल्या, वर पत्रा, प्लॉट नंबर चौदा. तोरिबिओ नावाच्या माणसानं विकलं. त्याची आई, दोन्या ओतिलिया, इथे एकटी राहायची; मोठ्या बाईला आम्ही मानानं दोन्या म्हणतो. ती मे महिन्यात वारली. आमच्या सह्या झाल्या, पण वस्तीच्या वहीत नाव अजून म्हातारीचंच होतं.

आणि आमच्याकडे वही म्हणजे सगळं. जो राहतो, त्याचा प्लॉट. कधीतरी, न सांगता, सरकारी साहेब येतात आणि हजेरी घेतात. दारात उभं राहून "हजर" म्हणायचं. तीनदा पुकारूनही कुणी बोललं नाही, तर प्लॉट गेला दुसऱ्याला.

त्या गुरुवारी कमिटीच्या प्रमुख, दोन्या कासिल्दा, धापा टाकत आल्या.

"शेजारणी, हजेरी आलीय! तुझं नाव चढलेलं नाही अजून. ओतिलियाच्या नावानं हजर म्हण."

"अहो, पण त्या तर..."

"कोण बघतंय? सगळे करतात. माझ्या दिराच्या नावानं मी दोन वर्षं हजर म्हणतेय, आणि तो मजेत तिकडे अरेकिपा शहरात बसलाय! घर घालवायचंय का तुला?"

त्यांचा दीर जिवंत होता. हा फरक आम्हा दोघींच्याही लक्षात आला नाही.

धुक्यातून आवाज आला. "प्लॉट चौदा. ओतिलिया चुम्पितास."

मी दारात जाऊन उभी राहिले.

"ओतिलिया चुम्पितास."

आठ वर्षं डोळ्यांसमोर आली.

"ओतिलिया चुम्पितास. शेवटचं विचारतोय."

"हजर."

साहेबानं मान वर न करता खूण केली आणि पुढे गेला.

आणि माझ्या मागे, रिकाम्या घरात...

खुर्ची सरकली.

संध्याकाळी एफ्राइनला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "काय म्हातारे, जेवायला काय केलंस? तिशीची म्हणून आणली, आता सत्तरीची निघाली!" मीही हसले. खुर्चीचं मात्र सांगितलं नाही.

तीन दिवसांनी टँकर आला. एफ्राइन कामावर गेला होता. मी बाहेर पिंपात पाणी भरून घेत होते.

आत कुणीतरी झाडत होतं.

खर्र... खर्र... खर्र...

हळूहळू, दाराच्या दिशेनं. मी दारापर्यंत गेले आणि आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. दाराबाहेर वाळूचा ढीग लोटलेला होता, आणि त्या ढिगावर...

माझ्या चपला.

केरासोबत बाहेर काढलेल्या.

दुसऱ्या सकाळी पाववाल्याची तीनचाकी आली. मी बाहेर गेले.

"आता काय, बाई? दिले की सहा पाव," तो म्हणाला.

"कुणाला?"

"तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना. मी विचारलं, नेलिदाबाई कुठे गेल्या? तर त्या बघतच राहिल्या. तुम्हाला ओळखतच नाहीत जणू."

मी आत पळाले. टेबलावर पाव होते. सहा नाही, पाच. आणि चहाचा एकच कप, अजून गरम...

मी तशीच कासिल्दांकडे गेले. त्या मक्याचे दाणे भाजत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला आणि दाणे करपले.

"अकरा वर्षं ती त्या प्लॉटवरून हलली नाही गं. घर सोडलं की कुणीतरी घुसेल, हाच ध्यास. ताप असला तरी दारात उभी राहून हजर म्हणायची. शेवटी मुलानं उचलूनच दवाखान्यात नेलं. तिथे सारखं एकच विचारत होती, घरात कोण आहे?"

"मग?"

"मग काय! तोरिबिओ म्हणाला, कुणी नाही, आई. त्याच दुपारी गेली."

बिचारी आपलं घर गेलं म्हणूनच मेली होती. आणि मी चारचौघांत ओरडून सांगितलं होतं, की ती हजर आहे.

कासिल्दांनी धावपळ करून आठवड्याभरात वहीत माझं नाव चढवलं. पाद्र्यांना बोलावून घरभर पवित्र पाणी शिंपडलं. मला म्हणाल्या, "पुढच्या हजेरीला तुझं नाव पुकारलं की संपलं बघ. घराचा मालक एकच."

मीही त्याच आशेवर दिवस काढले. रोज चपला बाहेर सापडायच्या. एकदा दाराला आतून कडी होती, आणि आम्ही दोघंही बाहेर उभे. त्या दिवसापासून एफ्राइननं थट्टा बंद केली.

नोव्हेंबरमध्ये हजेरी आली. दुपारची वेळ, लख्ख ऊन, धुक्याचा मागमूस नव्हता. एफ्राइन माझ्या शेजारी उभा होता.

"प्लॉट चौदा. नेलिदा हुआमानी."

मी श्वास घेतला. तोंड उघडलं.

आणि आमच्या मागून, बंद खोलीतून, एक खरखरीत आवाज आला...

"ती इथे राहत नाही."

साहेबानं मान वर केली. "कोण बोललं?"

"मी हजर आहे! मी, मी नेलिदा!" मी किंचाळले. एफ्राइननं धावत जाऊन खोलीचं दार उघडलं. आत फक्त आमची खाट होती.

साहेबानं वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. "पुन्हा येऊ," एवढंच म्हणाला.

ते अजून आलेले नाहीत. कधी येतील सांगता येत नाही.

लोक म्हणतात, विकून टाका. कुणाला विकू? आणि आत कोण आहे म्हणून सांगू? आमच्याकडे दुसरं काही नाही हो. हेच आहे.

म्हणून मी दिवसभर दारात बसते. माझ्या मागे ती खुर्ची असते. मी वळून बघत नाही. पण खुर्ची करकरते, आणि माझ्या मानेवर कुणाची तरी नजर असते. ती वाट बघतेय, मी कधी उठते याची.

आत्ता हे सांगतेय तेव्हा टँकर आलाय. हॉर्न वाजतोय. घरात थेंबभर पाणी नाही, आणि पिंप दारापासून फक्त दहा पावलांवर आहे.

एफ्राइन चारला येईल. तोवर मी उठणार नाही.