शिट्टी न झालेला कुकर

दत्ताराम उतेकरनं उभ्या आयुष्यात एकाही मुलीला शिट्टी मारली नव्हती. मुलीच्या शिट्ट्या मोजायची पाळी मात्र त्याच्यावर आली, आणि तीही सकाळी सव्वासहाला, तोंडात ब्रश असताना.

भिंतीपलीकडचा कुकर थांबायचं नावच घेईना. चार झाल्या, पाच झाल्या... सातवी झाली तेव्हा त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ पाष्टे! सात झाल्या!"

पलीकडच्या खिडकीत एक मुलगी धावत आली. केसांना पंचा गुंडाळलेला, कपाळावर पाणी.

"सात?"

"सात. आठवी वाटेवर आहे."

गॅस बंद झाल्याचा खट्ट आवाज आला. मग वाफ सोडल्याचा फुस्स.

"तूरडाळ होती," ती हताशपणे म्हणाली. "आता काय आहे देव जाणे."

"पिठलं म्हणा आणि वाढा."

"तुम्ही आधी तोंड धुवा," ती म्हणाली आणि गेली. दत्तारामच्या हनुवटीवरून पेस्टचा फेस ओघळत होता. अशा अवस्थेत माणूस सहसा प्रेमात पडत नाही. पण दत्तारामचं काहीच वेळेवर झालेलं नव्हतं.

साल दोन हजार चार. भाईंदर पूर्वेला इंद्रलोक नावाची वस्ती आहे. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला पावसाचं खातं इंद्राकडे असतं एवढीच माहिती असावी. नळाला पाणी दिवसाआड यायचं. बिल्डिंगचं नाव 'सागर दर्शन'. तिसऱ्या मजल्यावरून दर्शन व्हायचं ते डक्टचं: काळपट भिंती, गळके पाइप, कबुतरं आणि वाळता न वाळणारे कपडे. दोघांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या या डक्टमध्ये काटकोनात उघडायच्या. मध्ये अंतर दोन हातांचं.

संचिता पाष्टे वडिलांसोबत राहायची. मूळची रत्नागिरीकडची. आई दोन वर्षांपूर्वी गेली, वडिलांना साखर, आणि हिला अंधेरीच्या विमा कचेरीत साडेआठला सही करायची. म्हणजे सात वाजता घर सोडायचं आणि त्याआधी पन्नास मिनिटांत स्वतःचा डबा आणि बाबांचं दोन वेळचं जेवण उरकायचं. कुकरात खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे. रविवारी आठवड्याचं कांदा-खोबऱ्याचं वाटण करून डब्यात भरून ठेवायचं, की गुरुवारपर्यंत चिंता नाही. शुक्रवारी खिचडी. अंघोळीला जाताना कुकर लावायचा, म्हणजे वेळ वाचतो. फक्त शिट्ट्या मोजायला कुणीतरी लागतं, आणि बाबांचा मोजता मोजता डोळा लागतो.

ते काम दत्तारामकडे आलं. विनावेतन आणि कायम.

"तीन झाल्या!" तो ओरडायचा, आणि बाथरूममधून "बाबा, गॅस!" असा आवाज यायचा.

पुढे आणखी एक खेळ सुरू झाला.

"आज काय आहे, ओळखा," ती खिडकीत केस झटकत विचारायची.

दत्ताराम डोळे मिटायचा. तीन शिट्ट्या, मध्ये अंतर जास्त. त्याआधी मोहरी तडतडलेली, मग चर्र...

"मटकी. भिजवलेली. मोड आलेत."

"अय्या! मोडसुद्धा? नाक आहे की काय आहे तुमचं!"

दत्ताराम नुसतं नाक खाजवायचा. मुलगी कौतुक करत असताना दुरुस्ती सुचवायची नसते, असं त्याला वाटलं. पुढे जे झालं ते या एका वाटण्यामुळे.

कारण दत्तारामला वास येत नव्हता. मुळीच नाही. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात आठ वर्षं तो बफिंगच्या चाकासमोर उभा होता. त्या आठ वर्षांत हजारो पातेली आरशासारखी झाली आणि त्याचं नाक भिंतीसारखं. डॉक्टरनं टॉर्च घालून आत पाहिलं होतं आणि "आता सवय करा" असं औषध दिलं होतं. तिखट, गोड, खारट एवढं जिभेला कळायचं; बाकी दूध करपलंय हे त्याला प्यायल्यावरही कळायचं नाही. आई-बाप पोलादपूरला परतले होते. त्यांना त्यानं सांगितलं नव्हतं. एकटा राहायचा, उकडलेली अंडी आणि पाव खायचा. वास नसला की जेवण हे एक काम उरतं.

संचिता मात्र कपडे वाळत घालायच्या काठीला पिशवी अडकवून त्याच्याकडे वाटी पाठवू लागली. कधी काळ्या वाटाण्याची आमटी, कधी फोडणीचा भात.

"वास कसा आहे?" ती अलीकडे झुकून विचारायची.

"काय सांगू..." तो म्हणायचा, आणि हे मात्र खरं असायचं. "एकदम मस्त."

वाटी परत करायच्या आधी तो ती गाळ्यावर नेऊन चाकावर धरायचा. एकदा संचितानं परत आलेली वाटी उजेडात धरली, त्यात स्वतःचं कपाळ पाहिलं आणि गालावर उडालेली बटही मागे सारली. दत्तारामनं हे पडद्याआडून पाहिलं. त्या दिवशी गाळ्यावर त्यानं एकच टोप तीनदा घासला.

मग भाद्रपद आला. पाऊस संपतही नव्हता आणि पडतही नव्हता. नुसता भिंतींतून झिरपत होता. एका बुधवारी शेठनं जाहीर केलं की गाळा सिल्वासाला हलतोय. रविवारी टेम्पो. ज्याला यायचं त्यानं यावं. इथे राहायचं तर दुसऱ्या गाळ्यात अर्ध्या पगारावर सुरुवातीपासून सुरुवात.

गुरुवारी सकाळी तिसऱ्या शिट्टीनंतर दत्तारामनं खिडकीतून विचारलं, "रविवारी टेम्पो निघतोय. मी... थांबू का?"

संचिताच्या हातात अर्धा चिरलेला कांदा होता. डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्याचं असू शकत होतं.

"असं खिडकीतून विचारतात?"

"दारातून विचारलं तर बाबा उत्तर देतील."

ती हसली. मग हसू मावळलं. कांद्याकडे बघत म्हणाली, "बाबांना सोडून मला कुठे जाता यायचं नाही."

"म्हणून तर विचारतोय, मी थांबू का?"

"रविवारी सकाळी सांगते. पण तोंडानं नाही हं सांगणार. एवढं तिखट नाक आहे ना? ओळखा."

त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. दत्तारामनं तोंड उघडलंही. पण त्यातून "बरं" एवढंच आलं.

शुक्रवारी तिनं विचारलं, "जाडं मीठ कुठे मिळेल हो? दोन किलो."

"दोन किलो? लोणचं घालताय?"

"घालतेय काहीतरी."

दत्तारामचं मन खट्टू झालं. माणसानं जन्माचा प्रश्न विचारावा आणि बाईनं लोणच्याच्या तयारीला लागावं! तरी तो भाईंदर पश्चिमेला नाथा पाटलाकडे गेला. नाथाच्या घराण्याची पूर्वी मिठागरं होती. आता पडवीत मिठाची दोन पोती आणि दारात रिक्षा उरली होती. नाथानं पैसे घेतले नाहीत. "मिठाचं पैसं घेत न्हाय," तो म्हणाला. "पन येवढा चेहरा पारून नको नेऊस. मीठ कडू होल."

रविवारी दत्ताराम सहालाच ट्रंक बांधून खिडकीपाशी बसला. पलीकडचा पडदा ओढलेला होता. आतून चमच्यानं काहीतरी घोटल्याचा आवाज आला, टक-टक-टक... मग कुकर शेगडीवर ठेवल्याचा. दत्तारामनं कान टवकारले. एक शिट्टी झाली तरी थांबायचं, असं त्यानं स्वतःपुरतं ठरवून टाकलं.

सात वाजले. आठ. पाइपातून पाणी ठिबकत राहिलं. नऊ वाजता एक कबुतर खिडकीत येऊन त्याच्याकडे बघून गेलं. शिट्टी नाही. रविवारी ज्या घरात कुकर बोलत नाही, त्या घरात एक तर सुतक असतं नाही तर कुणाला टाळायचं असतं. सुतक नव्हतं.

साडेनऊला त्यानं डक्टमधल्या दोरीवरचा शर्ट काढला. तीन दिवस लटकूनही तो ओलसरच होता. तोच अंगात चढवला, ट्रंक उचलली. तिच्या दारापाशी पाय अडखळला... पण दार बंद होतं, आणि नकार ऐकायला बेल वाजवणं हे त्याला लाइट बिल मागून घेण्यासारखं वाटलं.

जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या शांतीबेन भेटल्या. डोळे मिटून म्हणाल्या, "आज तो क्या सुगंध है, दत्तारामभाई!"

"हां ना, एकदम मस्त," दत्ताराम सवयीनं म्हणाला आणि खाली उतरला.

टेम्पो हायवेला लागला. वर्सोव्याच्या पुलाआधी गाड्या तुंबल्या. खाडीवर राखाडी पाऊस, काचेवर एकच वायपर, तोही ड्रायव्हरच्या बाजूचा. ड्रायव्हर रामूनं नाकपुड्या फुगवल्या, दोनदा हुंगलं आणि दत्तारामकडे वळून पाहिलं.

"केक एकट्यानंच खाल्ला काय, भाऊ?"

"कुठला केक?"

"शर्टाला वास येतोय ना राव. वेलची, तूप, भाजका रवा... आमची करते पोरीच्या बड्डेला. कुकरात."

"कुकरात?" दत्ताराम खिन्नपणे म्हणाला. "कुकरात केला असता तर शिट्टी ऐकली असती मी."

रामू एवढा हसला की हॉर्न वाजला. "अरे देवा! केकला शिट्टी काढून ठेवतात, भाऊ! रिंगपण काढायची. खाली जाडं मीठ पसरायचं, वर डबा. शिट्टी लावली तर केक होईल का इडली?"

"खाली... काय पसरायचं?"

"जाडं मीठ. दोन किलो तरी."

दत्ताराम टेम्पोतून उतरला तेव्हा गाडी चालू लागली होती. ट्रंक सिल्वासाला गेली. आत तीन पँटी, आई-वडिलांचा फोटो आणि आठ वर्षांचं सर्टिफिकेट होतं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. रिक्षा मिळेपर्यंत तो काशीमिऱ्याच्या दिशेनं पावसात चालत राहिला, आणि अधूनमधून स्वतःच्या बाहीला नाक लावत राहिला. काहीच नाही. सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं. ज्याला कळायचं तो सोडून.

दार संचितानं उघडलं. डोळे सुजलेले होते. या खेपेला कांदा जवळपास नव्हता.

"टेम्पो चुकला?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"केक... आहे?"

"वाटला. वासानं अख्खी बिल्डिंग दारात आली. तुम्ही तेवढे दारावरून निघून गेलात. मी आत उभी होते, पावलं ऐकली तुमची."

"मला वास येत नाही," दत्ताराम म्हणाला.

"आता आलात तर कसा येईल? दुपार झाली."

"तसं नाही. मला वासच येत नाही. कशाचाच. बफिंगनं नाक गेलंय."

त्याच्या केसांतून पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं.

"मटकी ओळखलीत ती?"

"शिट्ट्या मोजून."

"आमटीचा वास एकदम मस्त, म्हणालात तो?"

"खोटं."

"सगळंच खोटं?"

"वासाचं तेवढं. थांबू का विचारलं, ते खरं."

आतून बाबांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"शेजारचे," ती म्हणाली. "सिल्वासाला गेलेले."

मग तिनं त्याची ओली बाही धरली, नाकाशी नेली, आणि डोळे मिटले.

"वेलची आहे," ती हळूच म्हणाली. "तूप आहे. रवा थोडा जास्त लागलाय खालून... आणि डक्टचा कुबट वास. तो नका लक्षात ठेवू."

"डॉक्टर म्हणतो, परत येणार नाही."

"मग मी सांगत जाईन."

ती स्वयंपाकघरात गेली. दत्ताराम उंबऱ्यावरच उभा राहिला. आत यायला कुणी सांगितलं नव्हतं. नळ सुटल्याचा आवाज आला, झाकण बसल्याचा, मग खट्ट. बराच वेळ काहीच नाही. आणि मग, इतकी मोठी की डक्टमधली कबुतरं उडाली, एक शिट्टी.

"काय लावलंय?" त्यानं दारातून विचारलं.

"काही नाही. नुसतं पाणी."

दुसरी झाली. तिसरी झाली.

"संचिता, अगं तीन झाल्या!" आतून बाबा ओरडले. "बंद कर!"

तिनं गॅस बंद केला नाही.