एका दाव्याला दोन तबकड्या

ही गोष्ट खरी आहे.

कुंडलिकनाना माझ्या आजीचे धाकटे भाऊ, गाव आंबवडे. माणूस इतका रुक्ष की स्वतःच्या लग्नातही उखाणा घ्यायला नाही म्हणाला. असा माणूस भुताची गोष्ट रचेल, यावर माझा तरी विश्वास नाही. त्यांनी सांगितली तशीच सांगतो.

आणि यात रात्र नाही. अमावास्या नाही, पिंपळ नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं, आणि नानांना त्याचाच जास्त त्रास झाला.

साल एकोणीसशे एकाहत्तर. श्रावणातला मंगळवार, दुपारी तीनचा सुमार. शिवऱ्याजवळच्या माळावरची पत्र्याची शेड.

त्या माळावर तेव्हा एका लहानशा कंपनीचं विमान असायचं. उसावर औषध फवारायचं, कधी कोकणात सामान पोचवायचं. नाना तिथले मेकॅनिक, विमानदलात वीस वर्षं काढून आलेले. हात कसबी, पण माणूस तीन वर्षांपासून आतून मोडलेला. धड झोप नाही, अन्नावर वासना नाही. बायको गीताबाई म्हणायची, "तुमी घरी येता, पर येत न्हाई."

त्या दुपारी नाना शेडमध्ये एकटेच होते. समोर नवंकोरं विमान उभं. इंजिन गार. बॅटरी काढून बाकावर ठेवलेली.

वारा नव्हता. पत्र्यावर कावळासुद्धा नव्हता.

आणि आवाज आला…

घुंऽऽऽ…

बारीक. एकसुरी.

हा आवाज नानांनी झोपेतही ओळखला असता. विमानातल्या तबकडीत एक भोवरा असतो, तो वेगात फिरू लागला की असं वाजतं. नाना नव्या विमानाजवळ गेले, कान लावला. गप्प.

आवाज मागून येत होता… फळीवरून.

फळीवर गोणपाटात गुंडाळलेली एक जुनी तबकडी होती. काच फुटलेली, कूस चेपलेली. तिला ना नळी जोडलेली, ना तार. आतला भोवरा तर कधीचा अडकून बसलेला. नानांनी स्वतः बोटाने हलवून पाहिला होता, तो हलला नव्हता.

नानांनी गोणपाट उलगडलं.

तबकडी थरथरत होती. आतली पांढरी रेघ डावीकडे कलत होती… हळूहळू… दमलेल्या माणसाची मान कलावी तशी.

मग सगळं थांबलं. नाना होते तिथेच जमिनीवर बसले.

ती तबकडी वैमानिक सावळारामच्या, तीन वर्षांपूर्वी पडलेल्या विमानातली होती.

आता एवढं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ढगात शिरलं की वैमानिकाला वर कुठे आणि खाली कुठे, कळत नाही. विमान एका अंगावर कललेलं असतं आणि त्याला वाटतं, आपण सरळ चाललोय. म्हणून समोर दोन तबकड्या असतात. एकीत क्षितिजाची रेघ, दुसरीत वळण दाखवणारा काटा. दोघींच्या पोटात भोवरा. तो फिरवायच्या तऱ्हाही दोन. इंजिनावरचा पंप नळीतून हवा ओढतो, त्या ओढीने फिरवा, नाहीतर विजेने फिरवा.

वीज बरी की पंप बरा, यावर मेकॅनिक लोक तासन्‌तास भांडतात. नानांच्या उस्तादांनी ते भांडण एका वाक्यात मिटवलं होतं. दोन बैल एका दाव्याला बांधू नये. दावं तुटलं की दोन्ही गेले. म्हणून रेघ पंपावर ठेवायची आणि काटा विजेवर. एक मेली तरी दुसरी खरं सांगते.

कारण पंप मेला तर भोवरा एकदम थांबत नाही. तो दमत जातो. दमलेला भोवरा कलतो, तशी रेघ कलते, आणि त्या रेघेच्या नादी लागून वैमानिक चांगलं सरळ चाललेलं विमान आडवं करतो. पाच-सहा मिनिटांत खेळ खलास.

अडुसष्टच्या भाद्रपदात, ऐन फवारणीच्या घाईत, विजेवरचा काटा जळाला. मुंबईहून नवा येईना. कपाटात पंपावर चालणारा एक जुना काटा पडून होता. नाना चौदा दिवस घरी गेले नव्हते. उभ्याउभ्या डोळे मिटत होते. त्यांनी तो काटा उचलला आणि रेघेच्याच नळीला जोडून टाकला.

"आठ दिसांचं तर काम हाय," ते स्वतःशीच म्हणाले.

सहाव्या दिवशी सावळाराम कोकणातून रिकामं विमान घेऊन निघाला. घाटमाथ्यावर ढग होते. पंप बंद पडला. रेघ खोटं बोलली, आणि मेलेला काटा मधोमध उभा राहून, वळण नाही म्हणत, तिला साक्ष देत राहिला. विमान केळदच्या वरच्या रानात सापडलं, सावळाराम जागीच गेलेला. वेल्ह्याच्या भिमा नावाच्या माणसाने ही तबकडी पोत्यात घालून आणून दिली.

चौकशी झाली. पंप बिघडला, हवा खराब होती, असं लिहून आलं. नानांना कुणी विचारलं नाही.

नानांनी सांगितलं नाही.

तर त्या मंगळवारनंतर बुधवारी मालक कागद घेऊन शेडमध्ये आले. सोबत नवा वैमानिक, जगन. सावळारामचा पाठचा भाऊ, वय चोवीस.

"नाना, पंपाने आपला माणूस खाल्ला," मालक म्हणाले. "या विमानात पंपच नको. रेघ विजेवर आणि काटाही विजेवर. सही करा, म्हणजे सामान मागवतो."

मालक माणूस वाईट नव्हता. ऐकायलाही किती बरोबर वाटत होतं! पण दोघी पुन्हा एकाच दाव्याला. एक सही केली की दोष कायमचा पंपाच्या माथी. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. आणि कारण पंप नव्हता…

नानांनी पेन कागदावर टेकवलं.

घुंऽऽऽ…

मालक बोलतच होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

पण जगनने मान वळवली. तो फळीकडे पाहत होता.

"नाना… त्ये काय वाजतंय?"

नानांनी पेन खाली ठेवलं. मालकांकडे दोन दिवस मागितले आणि जगनला म्हणाले, "चल. तुझ्या आईकडं जायाचंय."

नसरापूरला एस.टी. बदलून दोघे वेल्ह्याला पोचले, तेव्हा तीन वाजत आले होते. वाटेत नाना एक शब्द बोलले नाहीत. घरात बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी सावळारामचा फोटो. जगनच्या आईने, बनाबाईंनी, दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवले.

नानांनी हात पुढे केला… आणि हात तिथेच राहिला.

पेला सरळ होता. सारवलेली जमीन सपाट होती.

पेल्यातलं पाणी कललं होतं.

डाव्या बाजूला काठाला टेकलेलं, उजव्या बाजूला दोन बोटं खाली. सांडत नव्हतं. हलत नव्हतं.

"आये…" जगनने पेल्याकडे बोट दाखवलं.

"रोज दुपारी हुतं," बनाबाई म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती, नुसता शीण होता. "तीन वर्सं झाली. त्यो येतो. बसत न्हाई. टेकायला सरळ जागा घावंना म्हनतो."

"आनि मला सांगितलं न्हाई?"

"तुला सांगून काय करू? तू बी तसलाच उडनारा."

नानांना वाटलं, आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही. त्यांनी हात जोडले.

"आक्का, पंपानं न्हाई मारलं त्याला. म्या मारलं. रेघ अन्‌ काटा म्या एकाच नळीला बांधलं हुतं. झोप आली हुती मला… नको त्ये केलं."

जगन उठला आणि बाहेर निघून गेला. बनाबाईंनी पेला उचलला, पाणी अंगणात ओतलं आणि परत येऊन बसल्या.

"वेल्ह्याला याया तीन वर्सं लागली व्हय तुमाला?"

बनाबाईंनी दाराकडे, जगन गेला तिकडे पाहिलं.

"माफ-बिफ करायचं मला जमायचं न्हाई, भाऊ. पर ह्या पोराला तसं बांधू नका. एवढंच करा."

दुसऱ्या दिवशी नानांनी मालकांना सगळं सांगितलं. नोकरी जाईल, कदाचित पोलीसही येतील, असं धरूनच सांगितलं. मालकांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी तो फाडला. "तुमच्या उस्तादांच्या रीतीने बसवा," म्हणाले, आणि त्यानंतर ते नानांशी कधी मोकळेपणाने बोलले नाहीत. नानांनी रेघ पंपावर बसवली आणि काटा विजेवर. प्रत्येक जोड तीन-तीनदा तपासला.

जगन महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. विमान तपासायला यायचा, सही करायचा, निघून जायचा.

भाद्रपदात तो पहिल्यांदा कोकणात गेला. परतायचा दिवस उजाडला तो ढग घेऊनच. पश्चिमेकडचे डोंगर सकाळपासून दिसत नव्हते. जेवणाचा डबा तसाच ठेवून नाना शेडच्या दारात बसून राहिले.

तीन वाजले.

घुंऽऽऽ…

नाना धावत फळीपाशी गेले. गोणपाट ओढलं.

तबकडी थरथरत होती. एवढी, की फळीवरचे खिळे उड्या मारत होते. पण रेघ…

रेघ कलली नव्हती. सरळ होती. कुणीतरी दोन्ही हातांनी पेलून धरल्यासारखी, कापत कापत सरळ.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आवाज थांबेना. नानांनी घड्याळावरून नजर काढली नाही. जगनचं काय झालं असेल, हा एकच विचार डोक्यात होता, आणि तो विचार करायचीही ताकद उरली नव्हती.

पंचविसाव्या मिनिटाला लांबून इंजिनाची घरघर आली. विमान माळावर टेकलं.

त्याच क्षणी फळीवरचा आवाज तुटला. रेघ धपकन डावीकडे पडली.

जगन शेडमध्ये आला. त्याने पंप उघडून, त्यातला दांडा रुमालात धरून आणला होता. मधोमध तुटलेला.

"वेल्ह्याच्या वर गेला, नाना. ढगातच. इजेचा काटा हुता म्हून वाचलो."

नाना ओक्साबोक्शी रडले. तीन वर्षांत पहिल्यांदा. जगनने त्यांना रडू दिलं. मग हळूच म्हणाला…

"पर नाना, पंप गेल्यावर रेघ दमायला पायजे ना? पाच मिन्टात?"

"व्हय."

"न्हाई दमली. पंचवीस मिन्टं… उतरस्तवर सरळ हुती. काट्याला जुळून हुती."

नानांनी फळीवरची तबकडी पुन्हा गोणपाटात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वेल्ह्याला गेले. वाटेत मनाशी म्हणत होते, सुटला बिचारा. भावाला आणून पोचवलं, आता टेकला असेल कुठेतरी.

बनाबाईंनी पाणी आणून ठेवलं. पाणी सपाट होतं.

"काल न्हाई आला त्यो," त्या म्हणाल्या. "लई वाट बघितली."

नानांना हायसं वाटलं. त्यांनी पेल्याला हात लावला.

पाणी हललं. डावा काठ चढू लागलं… हळूहळू… आणि तसंच कलून राहिलं.

"आला," बनाबाई म्हणाल्या. डोळे मिटून थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"आज लई दमलाय."

नाना पुढे अठरा वर्षं जगले. सावळाराम अजून उतरलेला नाही, एवढंच म्हणायचे. ते पेल्यात पाहिल्याशिवाय कधी पाणी प्यायले नाहीत. मी त्यांना हसायचो. आता मीही पाहतो.