मागची फळी

सासऱ्यांना शहरात घेऊन यायचं, एवढंच काम बायकोने माझ्यावर सोपवलं होतं. तळ्याकाठच्या घरात ते एकटेच राहायचे. रोज दुपार कलली की छोटी होडी घेऊन बास मासे पकडायला जायचे. ती जुनी होडी एक दिवस त्यांना घेऊन बुडणार, या विचाराने बायकोची झोप उडाली होती.

"आधी एक मासा, मग बोलू," ते म्हणाले. नाही कसं म्हणणार? त्यांच्यापुढे माझं मांजर होतं.

ते पुढे बसले, मी मध्ये वल्ह्यांपाशी. मागची फळी रिकामी होती. वारा पडलेला. कुजक्या शेवाळाचा वास नाकातून जाईना. त्यांनी लव्हाळ्याच्या कडेला आमिषाचा रबरी बेडूक टाकला आणि गळाच्या दोरीचं रीळ कुरकुरत फिरवू लागले. बास आता झडप घालेल म्हणून मी बघत होतो, तोच माझ्या टाचा भिजल्या.

पाणी मागून आत येत होतं. होडीचं नाक वर आणि मागचं टोक पार खाली. मी अंगाने भरलेला, म्हणून आधी स्वतःलाच दोष दिला आणि पुढे सरकलो. नांगराचा दगड, आमिषांचा डबा, सगळं पुढे ओढलं. नाक तसूभरही खाली आलं नाही.

"उगाच धडपडू नका, जावईबापू," ते वळून न बघता म्हणाले. "तो बसलाय."

बायकोचा धाकटा भाऊ लहानपणी याच तळ्यात बुडाला होता. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे.

"सुरुवातीला पोराएवढंच वजन होतं," ते हळू आवाजात सांगू लागले. "मग वाढत गेलं. मी खूश होतो... म्हटलं, मोठा होतोय. पण माणूस वाढायचा कधीतरी थांबतो ना? हा..." रीळ थांबलं. "हा थांबतच नाही."

बेडकाभोवती पाणी उसळलं, गळाची काठी वाकली. मोठा बास लागला होता. त्यांनी तो ओढलाच नाही.

मी सरळ हात जोडले. "बाबा, घरी चला. आत्ताच्या आत्ता. तुमच्या नातीने स्वतःच्या खोलीत तुमची जागा केलीय. सोडा हे तळं..."

त्यांनी पहिल्यांदाच मागे वळून त्या फळीकडे पाहिलं. बराच वेळ. मग कुणाला तरी होकार द्यावा तशी मान हलवली.

"येतो," ते म्हणाले.

काठ लागताच मी त्यांना हाताला धरून उतरवलं. होडी बांधायलाही थांबलो नाही. मागे पाहिलं तर ती पाण्यावर अगदी सरळ, हलकी तरंगत होती. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं.

एका पिशवीत त्यांचे कपडे भरले, त्यांना गाडीत पुढे माझ्या शेजारी बसवून ती त्यांच्या मांडीवर दिली आणि बायकोला फोन लावला. मागची सीट रिकामीच होती. "निघालोय. बाबा येतायत." ती रडायलाच लागली. फोनवर तिच्या मागून लेकीचा आरडाओरडा ऐकू आला, "आजोबा माझ्याच खोलीत झोपणार!"

अंधारून आलं होतं. "सावकाश चालवा," सासरे म्हणाले.

मी गाडी सुरू केली, दिवे लावले. समोरच्या रस्त्यावर उजेड पडेना. मी वाकून काचेतून वर पाहिलं. उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडला होता.