टिळा मी लावू?

"दादा, दहा मिनिटांत फोटो मिळेल? नाहीतर माझं काही खरं नाही!"

काठमांडूच्या व्हिसा ऑफिससमोरच्या स्टुडिओत मेनुका धापा टाकत शिरली. सुवासने मान वर केली आणि... बघतच राहिला. कानामागे जवाचे पिवळे अंकुर, कपाळभर दशैंचा, म्हणजे नेपाळी दसऱ्याचा टिळा, दह्यात कालवलेल्या तांबड्या तांदळाचा.

"आणलेल्या फोटोतही टिळा आहे. चालत नाही म्हणे, कपाळ मोकळं हवं!" घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दशैंत बिनटिळ्याचं कपाळ बघायची सवय कुणाला होती? "ताई जर्मनीत एकटी आहे हो, दीड महिन्यात बाळंत होईल. आजची वेळ हुकली तर पुढची दोन महिन्यांनी. तोवर काय, बारशाचे फोटो बघू?"

"मग टिळा काढावा लागेल."

"आईने पुनवेपर्यंत ठेवायला सांगितलाय. ताईच्या वाटचा आशीर्वादही माझ्याच कपाळी दिलाय..." तिने कपाळावर अलगद हात ठेवला.

सुवासने एक स्वच्छ बशी पुढे केली. "यात काढून ठेवा. एक दाणा हरवणार नाही."

तिने हलक्या हाताने टिळा उतरवला, तेलाच्या बोळ्याने कपाळ पुसलं. तोवर तो कॅमेरा नीट करायचं नाटक करत होता.

"हसू नका."

"तुम्ही बघायचं थांबवा, मग नाही हसणार!"

कसाबसा फोटो निघाला. सुवासने बशीतला टिळा बोटांवर घेतला. "थांबा, मी लावून देतो—"

"अहो, काय करताय!" मेनुका मागे सरली. "टिळा वडीलधारी लावतात. आज लावलात तर जन्मभर माझे थोरले दादा व्हाल. चालेल?"

त्याने हात झटकन मागे घेतला. "नको, नको! अजिबात नको!"

"मघाशी दादा म्हटलं, तेव्हा बरं चाललं?"

"तेव्हा... नीट बघितलं नव्हतं."

मेनुका लाजली. आरशासमोर तिने स्वतःच टिळा चिकटवला आणि फोटो घेऊन पळाली.

तीन आठवड्यांनी ती पासपोर्ट नाचवतच आली. "मिळाला! पंचेचाळीस दिवस!"

सुवासचा चेहरा खुलला, आणि लगेच उतरलाही. "तिकडे माणसं रमतात म्हणे..."

"परत का येणार, ते अर्जासोबत लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं, शाळेत शिकवते, आई एकटी आहे."

"एवढंच?"

"दुसरं कारण कुणी सांगितलंच नाही... मी काय मनाने लिहायचं?"

सुवासने काउंटर पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "पुढच्या दशैंला तुमच्या आईंच्या हातचा टिळा हवाय मला. तुमच्या शेजारी बसून..."

टिळा घेताना आईसमोर आपल्या शेजारी कोण बसतं, हे काय मेनुकाला ठाऊक नव्हतं? तिला खूप, खूप आनंद झाला.

"आई जावयाला टिळा भला मोठा लावेल हं. कपाळ पार झाकून जाईल."

"झाकू दे की," सुवास म्हणाला, "मला कुठे व्हिसा काढायचाय!"