टोल्याचा नंबर

'खोटा' एवढा एकच शब्द उमेंद्र बोलला असता, तर त्याच्या पदरात बरंच काही पडत होतं. महिन्याचं टार्गेट एका सिमवर येऊन अडलं होतं, ते पुरं झालं असतं. पुरनलाल बिसेनसारखा चांगल्या धानबांध्यांचा, भातखाचरांचा, मालक त्याच्यावर खूश राहिला असता. आणि समोरच्या स्टुलावर बसलेली पुरनलालची मुलगी, योगेश्वरी, पैज जिंकल्याच्या आनंदात भजे खाऊन हसत घरी गेली असती.

'खरा' म्हणण्यात मिळकत काहीच नव्हती. नुकसान मात्र दिसत होतं — समोरच, स्टुलावर, गालावर केसांची एक बट घेऊन.

म्हणून तो गप्प बसला होता. आणि उमेंद्र कटरे गप्प बसणाऱ्यातला नव्हता. दवनीवाड्याच्या आठवडी बाजारात मोबाइल कंपनीच्या छत्रीखाली बसून सिम विकायचं, तर गप्प बसून चालत नाही.

दोघांची ओळख होळीनंतरच्या बाजारातली. ती ऑटोची वाट पाहत त्याच्या छत्रीच्या सावलीत येऊन उभी राहिली. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातला फोन सारखा वाजत होता आणि दर वेळी तिचे डोळे थोडे मिटत होते… दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचे मिटतात तसे.

"मॅडम, सावलीचं भाडं नाई लागत," तो म्हणाला होता, "पन एखांदं सिम घेऊन टाका."

"सिम नोको मले. हाये तेच तलावात फेकाव वाटून राहिलं."

इतक्या सरळ नकारावर कोणताही विक्रेता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. उमेंद्रनं स्टूल पुढे सरकवलं.

फेकावं वाटण्याला कारण होतं. सरकारी खरेदीसाठी धानाची नोंदणी ऑनलाइन झाली तेव्हा त्यांच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या त्या छोट्या वस्तीवर, बारावी शिकलेली आणि मोठा फोन हाताळणारी एकटी योगेश्वरी. फॉर्मात मोबाइल नंबर लागे, तर जो तो तिचाच लिहून मोकळा झाला. मग सिलिंडर आलं, रेशन आलं, मंगरूबुढ्याचा निराधारचा पगार आला, शामकलाकाकूचा बचतगट आला. सगळ्यांचे मेसेज एकाच फोनवर. ती न्हाणीत असली की कोणाचा तरी ओटीपी यायचा, आणि दाराबाहेरून हाक यायची, "योगेश्वरी, आकडे सांग वो, दोन मिनटात मरतेत ते."

आता ती तिशीला टेकली होती. स्थळं येत होती, चहा पिऊन जात होती. कोणी काही बोललं नाही, पण तिच्या लग्नाची घाई टोल्यावर कोणालाच दिसत नव्हती. मुलगी सासरी गेली तर धानाचा नंबर लागल्याचं सांगणार कोण?

तर होळीपासून हे सुरू झालं. दर बाजाराला ती टोल्याचे संशयास्पद मेसेज घेऊन यायची. ती वाचायची, मग दोघं आपापला निकाल द्यायची. खरा की खोटा. हरणाऱ्यानं भजे सांगायचे.

"तुमच्या वावरात टावर लावतो म्हन्ते. आज रातीच होकार द्या म्हन्ते."

"खोटा. घाई करते तो खोटा, मॅडम. खऱ्या कंपनीले कायची घाई? तिले तुमच्यासारखे लाख गिऱ्हाईक."

"माझ्यासारखे लाख?"

"नाई… तुमच्यासारखी एकच. मेसेजची गोष्ट करून राहिलो मी."

अशा वेळी ती मान खाली घालून भज्यावरची मिरची उगाच बाजूला करायची. आणि उमेंद्र, ज्याला कंपनीच्या सगळ्या योजना तोंडपाठ होत्या, तो पुढचं वाक्य विसरायचा.

आजचा बाजार दिवाळीनंतरचा. आभाळ आलेलं, कापलेलं धान बांध्यांत पडलेलं, म्हणून निम्मा बाजार रिकामा. लोक धानावर ताडपत्र्या टाकायला गेले होते. योगेश्वरी आली ती थकलेलीच, पण तोंडावर जिंकायला आल्याची खूण होती.

"आयका. 'प्रिय ग्राहक, या नंबरसाठी नवीन सिमची विनंती मिळाली आहे. संध्याकाळी जुने सिम बंद होईल. विनंती आपली नसल्यास लगेच नाही लिहून पाठवा.' लगेच म्हन्ते, पाहा. घाई करून राहिला. खोटा. काढा भजे."

इथं उमेंद्र गप्प झाला.

"लिंक हाये का त्यात?" त्यानं शेवटी विचारलं.

"नाई."

"ओटीपी मागते? फोन लावा म्हन्ते?"

"नाई… निस्तं 'नाई' लिहा म्हन्ते." तिचं हसू जरा उतरलं. "काऊन इतकं इचारून राहिले? खोटा हाये ना?"

"खरा हाये."

"कायच्यावरून?"

"सकाळी मीच टाकली ते विनंती." उमेंद्रनं टेबलावरचा पेन उचलला, पुन्हा ठेवला. "तुमचे बाबूजी आल्ते."

सिम पुरनलालच्या नावावर होतं. मुलीला फोन घेऊन दिला तेव्हा बापाच्याच आधारवर घेतलेलं. सकाळी तो धोतराचा सोगा सावरत छत्रीखाली आला, अंगठा दिला, फोटो काढू दिला आणि त्याच नंबरचं दुसरं सिम मागितलं. मालक माणूस, नाही म्हणायला उमेंद्रजवळ नियम नव्हता.

"काय म्हनले ते?" योगेश्वरीनं विचारलं.

"ते राहू द्या ना, मॅडम."

"सांगा."

"म्हनले… पोट्टी बालाघाटले चालली सासरी. नंबर घरचा घरी राहिला पायजे. तिले सांगजो नोको, उगी रडारड करते."

ती रडली नाही. बराच वेळ फोनच्या काचेवरचा डाग अंगठ्यानं पुसत राहिली. मंडईच्या, दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी बालाघाटहून दोन बाया आल्या होत्या, तिला नाटकाच्या मंडपात शेजारी बसवून नखशिखांत पाहून गेल्या होत्या. आईनं, रामबाईनं, दूरच्या सोयऱ्या म्हणून सांगितलं होतं.

"म्हन्जे मायं लगन ठरलं," ती म्हणाली. "घरच्यायच्या आंधी कंपनीनं सांगतलं. कंपनी बरी."

 बारीक थेंब पडायला लागले. भजेवाल्यानं कढईवर पत्रा ओढला. उमेंद्रनं छत्री तिच्या बाजूला कलती केली. त्याचा स्वतःचा डावा खांदा बाहेर राहिला आणि भिजू लागला. तिनं ते पाहिलं.

"'नाई' पाठवलं तं काय होते?"

"हेच सिम चालू राहीन. टोला तुमच्यापाशी, तुमी टोल्यापाशी. बाबूजी पुन्हा येतीन."

"आन काईच नाई पाठवलं तं?"

"नंबर घरी. तुमी बालाघाटले."

"तुमाले कोनतं परवडते?"

"हिशोबानं? पाठवू नोका. मायं टार्गेट होते."

"हिशोब सोडून सांगा."

"हिशोब सोडून…" त्यानं पेन पुन्हा उचलला. "मले दोनीबी परवडत नाई."

ती हसली — दमलेलं, कोपऱ्यातलं हसू. "होळीपासून बसून हाव मी या स्टुलावर. तुमचा काई मेसेज आला नाई. लई सावकाश कंपनी हाये तुमची."

"घाई केली असती तं तुमी खोटा म्हनल्या असत्या."

"म्हनली असती," तिनं कबूल केलं. "आता नाई म्हनत."

उमेंद्रनं आजवर हजार माणसांना नको असलेली सिमं पटवून दिली होती. आत्ता त्याला चार शब्द जुळवता येईनात. तो तिच्याकडे न पाहता, पावसाकडे पाहत बोलला.

"मायापाशी लई काई नाई. तिरोड्याकडे थोडी शेती, बोदलकसा तलावाच्या पान्यावरची. हे छत्रीबी कंपनीची. पन तुमचा फोन वाजला ना… तं मी उचलीन. तुमी झोपून राहा. इतकं करता येते मले."

योगेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं ते आत्ता. तिला सुंदर म्हणणारी स्थळं येऊन गेली होती, सुगरण म्हणणारी आली होती. झोपून राहा म्हणणारा हा पहिलाच.

तिनं 'नाही' पाठवलं नाही. फोन पालथा ठेवला.

"नेऊ द्या नंबर त्याईले. नंबर बाबूजीच्या नावावर हाये. मी नाई." मग पर्समधून आपलं आधार काढून टेबलावर ठेवलं. "मले एक नवीन द्या. माझ्या नावावर."

"कोनाले देनार नंबर?"

"पाहीन. घाई काय हाये?"

संध्याकाळी जुनं सिम गेलं. योगेश्वरीनं बापासमोर चहा ठेवला आणि उभ्यानंच म्हणाली, "नंबर ठेवा, बाबूजी. पन बालाघाटवाल्याईले नाई म्हना."

पुरनलालची बशी हातातच राहिली. "तुले कोनं सांगतलं?"

"कंपनीनं. तुमी सांगतलं असतं तं बरं होतं."

"घर चांगलं हाये त्यायचं."

"असंन. मले कोनी इचारलं नाई."

रामबाईनं डोळे टिपले, पुरनलालनं आवाज चढवला, आणि मग दोघंही थांबली, कारण पुरनलालच्या खिशात फोन वाजला. बचतगटाचा हप्ता. तो शामकलाकाकूला सांगून येईपर्यंत सिलिंडरचा ओटीपी आला.

बोलणं तिथंच राहिलं, आणि पुढेही राहूनच गेलं. कारण फोन काही थांबेना. मळणीवर असताना वाजला, जेवताना वाजला, दुपारी खाटेवर अंग टाकलं की हमखास वाजला. मंगरूबुढा तर दारातच बसून राहू लागला, पगार आला का गा, म्हणत. एक मेसेज बँकेचा म्हणून आला, खातं आजच बंद होते म्हणाला. पुरनलालचं बोट त्या निळ्या ओळीवर टेकणार, इतक्यात तो घाबरून योगेश्वरीकडे धावला.

"पाहा वो बाई, खरा हाये का खोटा?"

ती ओसरीत चटईवर आडवी होती. दुपारी. घरात हे कोणी पाहिलेलं नव्हतं. "काई दाबू नोका. बाजारात छत्री हाये, बाबूजी, तिथं इचारा," ती म्हणाली आणि कूस बदलली.

तिचा नवा नंबर जगात एकट्या उमेंद्रजवळ होता. आठवडाभर त्यानं तो लावला नाही.

पुढच्या बाजाराला पुरनलाल छत्रीखाली आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. उमेंद्रनं स्टूल दिलं, पाणी दिलं, एकेक मेसेज वाचून सांगितला. हा खोटा, पुसून टाका. हा खरा, काकूले सांगा. हा धानाचा, जपून ठेवा. पुरनलाल मान वाकवून फोनकडे बघत होता.

"रोज इतके येतेत?"

"हो, बाबूजी."

"पोट्टी कई बोलली नाई गा."

"बोलाले टाइम कुठं होता त्याईले? फोन वाजत होता."

पुरनलाल बाजाराकडे पाहत राहिला. दमलेला माणूस अनेकदा खरं पाहतो. इतर वेळी त्याला सवड नसते. मग, पोरीनं आपल्याला याच छत्रीखाली का धाडलं ते उमजून, त्यानं उमेंद्रला वरून खाली न्याहाळलं आणि सोयरीक जोडणारे जे विचारतात ते विचारलं.

"तू कोनाचा गा? कूळ कोनतं तुयं?"

"कटरे. तिरोड्याकडचा."

"छत्रीखाली किती दिवस बसनार?"

"जागा पाहून राहिलो, दुकानासाठी."

"हूं." पुरनलाल उठला. "बालाघाटले म्या 'नाई' कळवलं. धान एकदा विकलं का… ये घरी. तुया बापाले घेऊन ये."

तो गेल्यावर भजेवाल्याच्या आडून योगेश्वरी आली. झोप झालेल्या चेहऱ्यानं ती वेगळीच दिसत होती. उमेंद्रला क्षणभर ओळखूच आली नाही.

"फोन काऊन नाई लावला?"

"झोपल्या असान म्हनून."

"झोपलीच होती," ती म्हणाली, आणि त्याच्या हातावर हात ठेवला — भर बाजारात, टोमॅटोवालीसमोर.

आता या सगळ्याची कोणी काय किंमत भरली ते पाहू. बालाघाटवाल्यांचं येण्याजाण्याचं पेट्रोल गेलं. उमेंद्रचे भजे गेले, पैज तो जिंकला होता तरी. टोलेकऱ्यांना पुरनलालच्या शिव्या ऐकून आकडे घ्यावे लागतात, आणि दोघांतिघांनी तर कंटाळून स्वतःची सिमं घेतली. पुरनलालची दुपारची झोप गेली, आणि तो ते चारचौघांत ऐकवत फिरतो. पण ते व्याज झालं. मुद्दल त्याच्या पोरीनं केव्हाच भरलं होतं. आयुष्याची बरीच वर्षं, रोज थोडी थोडी, आणि कोणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं.