खाली बघायचं ठरलं होतं

आगबोट शारजाच्या किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभी होती आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर शहरबानू दोन्ही हातांनी शिडी धरून अडली होती. खाली मालाचा मचवा लाटांवर वर-खाली होत होता. मचव्यातल्या एका तरुणाने हात पुढे केला आणि चक्क मराठीत म्हणाला, "पाण्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

तिने बघितलं. झालं! उडी कधी मारली, एक चप्पल समुद्रात कशी गेली, काही म्हणजे काही कळलं नाही. त्याने गळ टाकून चप्पल वर काढली, निथळत तिच्यापुढे धरली. हसला मात्र नाही... नुसते डोळे हसले. तेच डोळे घेऊन ती मामूंच्या घरी पोचली.

साल होतं १९६८. मानवी हक्कांचं वर्ष म्हणून जगभर भाषणं झडत होती. मुंबईच्या लॉ कॉलेजातल्या रुकय्या मॅडमना भाषणांचा भारी कंटाळा. त्या सुट्टीत शहरबानूसकट तीन विद्यार्थ्यांना घेऊन इथे आल्या, कारण इथल्या बंदरावरच्या हमालांचे पासपोर्ट ठेकेदार मुश्ताकशेठने आपल्या तिजोरीत कोंडले होते. शेठ काही परका नव्हता, रत्नागिरीकडचाच. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ना, त्यातली गत. मॅडमनी पोरांना बजावलं होतं, वकिली नंतर. आधी या लोकांत बसा, त्यांच्या चुलीपाशी काम करा, आणि ते ठरवतील तसंच वागा.

शहरबानूच्या हमीदमामूंचं कापडाचं दुकान रोल्ला नावाच्या चौकातल्या मोठ्या वडाजवळ होतं. दर शुक्रवारी त्या वडाखाली हमाल जमत, जेवण रांधत, बोलत. अन् मधोमध कोण? तर तोच मचव्यातला. खैरुद्दीन त्याचं नाव. घराणं मूळचं दापोलीचं, फाळणीनंतर कराचीला गेलेलं. पासपोर्ट पाकिस्तानचा आणि बोली मात्र आजीची.

"म्हणजे तुम्ही आमचे गाववाले," कोळंबी सोलता सोलता शहरबानू म्हणाली.

"गाववाला खरा... फक्त गाव तुमच्याकडे राहिला."

कोळंबी सोलायचा तिचा हात असा, की पाहणाऱ्याला दया यावी. त्याने तिच्यापुढची अर्धी रास आपल्याकडे ओढली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा ओढली. मग तिने मुद्दामच सावकाश सोलायला सुरुवात केली, आणि ते त्याला कळत होतं, आणि त्याला कळतंय हे तिलाही कळत होतं. मैमुनाबी मामीला दारात उभा असलेला माणूस धड ओळखू येत नसे, पण हे मात्र तिलाच आधी दिसलं.

परदेशी लोकांचे तंटे सोडवणाऱ्या गोऱ्या इंग्रज साहेबाकडे दाद मागायचं ठरलं तेव्हा हमालांनी एक नियम घातला. सगळ्यांनी मिळून जायचं, आणि "तुमचा पुढारी कोण?" असं साहेबाने विचारलं की एकूण एक माणसाने आपल्या पायांकडे बघायचं. मागच्या खेपेला पुढारी सापडला, शेठने त्याला आधी उचलून परत पाठवलं आणि बाकीचे पांगले. तसं पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. वडाखाली तालीम झाली. शहरबानू साहेब झाली होती. तिने ऐटीत प्रश्न विचारला, सगळ्या माना खाली गेल्या, आणि तिला एकदम हसू फुटलं.

"नापास," खैरुद्दीन म्हणाला. "तुम्ही माझ्याकडे बघता."

"तुम्हीच तर सांगितलं होतं."

"ते पाण्यावर. ही जमीन आहे, बाई."

त्याच संध्याकाळी, माणसं पांगल्यावर, तो वडाच्या पारंबीशी चाळा करत उभा राहिला. पासपोर्ट हातात आला की हमीदमामू त्याला दुकानात ठेवून घेणार होते, तसा शब्दच होता. तिने वकील होऊन परत यायचं. एरवी जमायचं कसं? मुंबईत त्याला पाऊल ठेवता येत नव्हतं आणि कराचीत तिला.

"आपल्याला एवढीच एक जागा आहे," तो म्हणाला. मग पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून, हळूच... "येशील?"

"इन्शाल्ला," ती म्हणाली. कान असे तापले की तिने दुपट्टा पुढे ओढला.

साहेबाच्या कचेरीत मुश्ताकशेठ खुर्चीत पाय पसरून बसला होता. मॅडम मुद्देसूद बोलल्या. साहेबाने नीट ऐकलं आणि सगळ्यांचे पासपोर्ट परत द्यायला सांगितले. मग अगदी सहज, कौतुकानेच म्हणा, त्याने विचारलं, या सगळ्यांना एकत्र आणलं कुणी?

सगळ्या माना खाली गेल्या. शहरबानूच्या छातीत अभिमान मावेना. हे ज्याने घडवलं तो माझा आहे, असं तिला वाटलं, आणि... तिने त्याच्याकडे बघितलं. क्षणभरच. लगेच नजर वळवली, पण शेठ साहेबाकडे बघतच नव्हता. तो या पोरांचे चेहरे वाचत बसला होता.

बाकीच्यांचे पासपोर्ट मिळाले. खैरुद्दीनचाही मिळाला, पण शेठने त्याची हमी काढून घेतली. ज्याच्या हमीवर माणूस आला त्यानेच झटकलं की इथे राहणं खलास. हमीदमामूंचा सगळा माल शेठच्या मचव्यांतून यायचा. त्यांनी मान खाली घातली आणि दिलेला शब्द गिळला. कराचीची लाँच दुसऱ्या दिवशी सुटणार होती.

दुपारी दुकानामागे ती त्याच्यासमोर उभी राहिली. सबबी सांगायची तिची तयारी नव्हती. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "पण एवढ्या माणसांत तू मलाच शोधलंस. याच्यावर रागवावं की याच्यावर जगावं... अजून ठरत नाहीये."

"माझं तुमच्यावर..."

"ठाऊक आहे. शेठलासुद्धा ठाऊक आहे." आता तो हसला, आणि तिला रडू फुटलं. "उद्या ये बंदरावर. पण माझ्याकडे बघू नकोस. शेठची माणसं असतील, आणि निमित्त मिळालं तर मामूंचं दुकानही उठवतील. या वेळी तरी पास हो."

ती गेली. मैमुनाबी मामी हात धरून शेजारी उभी होती. शेठचे दोघे मुकादम पिंपांवर बसून जमलेल्यांची तोंडं न्याहाळत होते. शहरबानूने आपल्या पायांकडे बघितलं. पायांत तीच चप्पल होती, खाऱ्या पाण्याने कडक झालेली. माणसं चढली, कुणीतरी "यल्ला, यल्ला" ओरडून घाई केली, इंजिन धडधडलं. मान वर करायला जीव नुसता तुटत होता, आणि ती खालीच बघत राहिली. आवाज लांब गेला, मग विरला.

"बघत होता गं बाय," मामी हळूच म्हणाली. "पार दिसेनासा होईपर्यंत तुझ्याकडेच बघत होता."

शहरबानूने मामीचा हात घट्ट धरला. तुला इतक्या लांबचं दिसलं कसं, असं तिने मामीला विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीच नाही.