ढवसांचा धुरा

मोहझरी खाणीच्या नियोजन कक्षातल्या भिंतभर पडद्यावर हेमांगी डाहुलेने स्वतः आखलेली खाण दिसत होती. दोन अवाढव्य खड्डे आणि त्यांच्या मध्ये न खणता राहिलेल्या जमिनीची एक भिंत. खाली पायऱ्यापायऱ्यांनी रुंद, वर बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. खाणीच्या यंत्रांनी अख्खं मोहझरी गाव उचललं, पण ही भिंत काही त्यांना हलवता आली नाही. तिच्या माथ्यावर ढवसांचा धुरा होता आणि धुऱ्यावर कोर्टाचा स्टे.

दोन शेतांमधली हद्द म्हणजे धुरा. तो कोणी सरकवला यावरून तुळशीराम आणि नथ्थू ढवस हे चुलतभाऊ भर तारुण्यात कोर्टात गेले, ते काठी टेकायला लागले तरी तिथेच होते. निकाल लागेपर्यंत त्या पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. तो पाळण्यात दोघेही भलतेच इमानदार. एकाची शेळी तिथे चरली तर दुसरा पोलिसांत जाई.

हेमांगीने त्यांचे उंबरे झिजवले, दोघांच्या घरचा चहा पिऊन पित्त करून घेतलं आणि शेवटी समेट जुळवून आणला. आज दुपारी सह्या होणार होत्या. मग भिंत काढायची, खालचा कोळसा उचलायचा, खड्डे भरायचे, बाजूला साठवलेली जुनी माती वर पसरायची आणि गावाला जमीन परत द्यायची. हेमांगी त्याच गावची होती. पुनर्वसन वसाहतीतल्या दोन खोल्यांत तिची आई अजून बियाण्याचं गाडगं जपून होती.

तेवढ्यात मृदाशास्त्रज्ञ डॉ. प्रभंजन आस्वले आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, साठवलेली माती मेली आहे."

"मेली म्हणजे?"

"जिवंत मातीत बुरशीचे धागे असतात. ते मुळामुळांना जोडतात, पाणी पोचवतात, क्षार पोचवतात. त्याला मी तंतुजाळ म्हणतो. आपण माती खरवडून डोंगराएवढे ढीग घातले. आत हवा नाही, मुळं नाहीत. धागे तुटले आणि कुजले. आता ती नुसती धूळ आहे."

"मग बाहेरून विरजण लावा."

"लावलं. बाहेरचं इथे टिकत नाही. इथलंच हवं."

त्यांनी आपला तंतुश्रावक पडद्याला जोडला. धाग्यांतून जाणाऱ्या विजेच्या बारीक स्पंदनांवरून हे यंत्र जिवंत जाळं हुडकून काढी. नकाशा सगळा काळा राहिला. मधोमध तेवढी एक हिरवी रेघ उमटली. ती कुठली, हे हेमांगीला विचारावं लागलं नाही.

"चाळीस वर्षं नांगर नाही, फवारणी नाही," आस्वले म्हणाले. "पंचक्रोशीत एवढंच अखंड जाळं उरलंय."

"तर मग तिथली माती उचलून सगळीकडे पसरू."

"दह्याचा चमचा उचलता येतो, हे नाही येत. उचललं की तुटतं, तुटलं की मरतं. करून बघितलंय मी. खड्डे त्याच्या उंचीपर्यंत भरा, माती त्याला भिडवून टाका, झाडं लावा. ते जागच्या जागी राहून स्वतःच पसरेल, दरवर्षी थोडं थोडं."

"आणि भिंत काढली तर?"

"जमीन परत मिळेल. तिच्यावर कुसळ उगवणार नाही."

हेमांगीने मुख्यालयात फोन लावला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एका रेघेपायी एवढा कोळसा सोडू? स्टे आहे तोवर माझे हात बांधलेले. तो उठला की दुसऱ्या दिवशी यंत्रं लावा. योजना तुमचीच आहे."

तिचीच होती. फोन ठेवताना तिला स्वतःची लाज वाटली.

दुपारी दोघे म्हातारे एकाच ऑटोतून उतरले. तुळशीरामच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"घे वं पोरी, तोंड गोड कर," तो म्हणाला.

"इतके वर्सं याचं तोंड नाही पाह्यलं," नथ्थू खुर्चीत बसत म्हणाला. "आता पाह्यलं त म्हातारा झाला ना हा."

हेमांगीने कागद बाजूला सारले आणि त्यांना सगळं सांगितलं. माती, धागे, हिरवी रेघ, साहेबांचं बोलणं. शेवटी ती म्हणाली, "समेट करा म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. आता तो करू नका हे सांगायला मला तोंड नाही, काका."

"म्हंजे आमी भांडलो म्हून माती वाचली?" तुळशीरामने विचारलं.

"हो."

"अन् गोड झालो त मरन?"

"हो."

नथ्थू खो खो हसला. "लोकं म्हनत, भांडून काय भेटलं? आता सांगतो एकेकाले."

तुळशीराम मात्र हसला नाही. तो पुड्याकडे बघत राहिला. "पन पोरी," तो हळूच म्हणाला, "मंग याच्यासंगं बोलाचं नाही का मी आता? थोडेच दिवस राह्यले आमचे."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोला ना काका. फक्त खटला मागे घेऊ नका."

सह्या झाल्या नाहीत. पेढे मात्र संपले.

त्यानंतर हेमांगीने योजना उलटी केली. कोळसा संपलेले खड्डे भरणं कायद्यानेच भाग होतं, ते काम तिने आधी घेतलं. भराव दोन्ही बाजूंनी धुऱ्याला येऊन भिडला. वर बोरी, बाभळी, पळस लागले. दोनेक वर्षांनी पडद्यावरची रेघ बोटभर रुंद झाली. आईने गाडग्यातलं बियाणं उन्हात घातलं. साहेबांनी मात्र स्टे उठवण्यासाठी वकिलांची फौज आणली, म्हणून सुनावणीच्या तारखेला हेमांगी धास्तावून कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसली.

न्यायाधीश म्हाताऱ्यांकडे बघून म्हणाले, "खाणीचं म्हणणं आहे की तुमच्यात आता वाद उरलेला नाही. मिटलं का?"

"नाही साहेब," नथ्थू काठी आपटत म्हणाला. "मी मेलो त माहे पोरं भांडतीन. धुरा नाही सोडत."

"माहे बी भांडतीन," तुळशीराम म्हणाला.

न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला आणि पुढची तारीख दिली. स्टे कायम राहिला.

हेमांगी बाहेर आली तेव्हा दोघे कोर्टाच्या पायऱ्या उतरत होते. तुळशीरामने नथ्थूचा दंड घट्ट धरला होता. कडुनिंबाखाली बसून त्यांनी एकाच डब्यातली भाकर खाल्ली. हात धुताना नथ्थू म्हणाला, "पुढच्या तारखेले डबा तू आनजो. अन् मिरची कमी टाकजो."